शंभरी ओलांडलेल्या बोर्डिंगांचे पुढे काय?

कोल्हापूर : विद्यार्थी वसतिगृहांची जननी, असा या शहराचा लौकिक आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने आणि साहाय्याने १९०१ पासून अवघ्या दोन दशकांत येथे निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. कोल्हापूरकर त्यांना आजही 'बोर्डिंग' म्हणूनच ओळखतात. खेड्यातून शिकायला येणाऱ्या मुलाला शहरात छप्पर आणि दोन वेळचे जेवण मिळावे, एवढा साधा हेतू त्यामागे होता. बहुतेक बोर्डिंगांनी आता शंभरी ओलांडली आहे. त्यांच्या इतिहासाबद्दल पुष्कळ लिहिले-बोलले जाते. पुढील पंचवीस-तीस वर्षांत त्यांनी काय करायचे, याची चर्चा मात्र सहसा एखाद्या बिल्डरचा प्रस्ताव आल्यावरच सुरू होते, आणि मग ती वास्तूपेक्षा चटईक्षेत्राचीच अधिक होते.

व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १८ एप्रिल १९०१ रोजी सुरू झाले. त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग निघाले. १९०६ मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी व मुस्लिम बोर्डिंग, १९०७ मध्ये वीरशैव लिंगायत वसतिगृह, तर १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. त्याच्या आगेमागे दैवज्ञ, नामदेव शिंपी, पांचाळ, सारस्वत, भारतीय ख्रिस्ती अशी नावे यादीत भरत गेली. १९२० मध्ये प्रिन्स शिवाजी मराठा फ्री बोर्डिंग हाऊस स्थापन झाले. दरबाराने कोणाला जागा दिली, कोणाला इमारत, तर कोणाला वार्षिक मदत.

प्रत्येक जातीला वेगळे वसतिगृह कशासाठी, हा आक्षेप त्या काळीही घेतला गेला. पण सर्वांसाठी एकच वसतिगृह काढण्याचा प्रयत्न त्याआधी राजाराम कॉलेजच्या संदर्भात होऊन गेला होता आणि प्रत्यक्षात ते एकाच वर्गापुरते उरले होते. पंक्तिभेद एवढा कडक होता की, खेड्यातला बाप मुलाला 'आपल्या माणसांत' ठेवायला मिळाले, तरच शहरात पाठवायला राजी होई. समाजातील चार कर्त्या माणसांना संस्था चालविण्याची सवय लागावी, हाही त्यातला लाभ होता. ही तडजोड होती आणि तिच्या मर्यादा लगेचच दिसल्या. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेल्याबद्दल स्नान करण्यास नकार देणारा एक विद्यार्थी जैन बोर्डिंगमधून बाहेर पडला, अशी हकिकत सांगितली जाते. तो विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक झाल्यावर सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली आणि एका पंक्तीत आणण्याचे काम त्यांनी साताऱ्यात करून दाखविले. बोर्डिंगांच्या भवितव्याचा विचार करणाऱ्यांना ही जुनी गोष्ट आजही टाळून पुढे जाता येणार नाही.

जमीन मोलाची, उत्पन्न तुटपुंजे

दसरा चौक हे आज शहराच्या मध्यवर्ती भागातील मोक्याचे ठिकाण आहे. बोर्डिंगे निघाली तेव्हा हा परिसर बराचसा मोकळा होता. त्या वेळी मिळालेल्या जागांचे मोल आज प्रचंड वाढले आहे. परंतु ते मोल जमिनीचे आहे, संस्थेच्या हाती येणाऱ्या पैशाचे नव्हे. काही संस्थांनी यातून मार्ग काढला. प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग हाऊस न्यू कॉलेजसारख्या शिक्षणसंस्था चालवते, तर मोहमेडन एज्युकेशन सोसायटीने शाळा चालविली. ज्या लहान बोर्डिंगांकडे इमारत, थोडे मोकळे पटांगण आणि रस्त्याकडेचे चार गाळे याखेरीज काही नाही, त्यांची अडचण वेगळी आहे.

ही अडचण आकड्यांत मांडून पाहावी. समजा, चाळीस खाटांचे बोर्डिंग आहे आणि दर विद्यार्थ्याकडून महिन्याला १,००० रुपये घेतले जातात. वर्षाचे दहा महिने धरले तर ४ लाख रुपये होतात. रेक्टर, पहारेकरी, सफाई, वीज, पाणी आणि घरफाळा यांतच ती रक्कम संपते. कौले बदलणे, शौचालये नव्याने बांधणे, वायरिंग करणे ही कामे देणगीवर ढकलली जातात. आता त्याच चाळीस मुलांसाठी माणशी १२५ चौरस फूट धरून ५,००० चौरस फुटांची इमारत बांधायची आणि खर्च प्रति चौरस फूट २,५०० रुपये मानायचा, तर सव्वा कोटी रुपये लागतील. दरवर्षी सगळेच्या सगळे ४ लाख बाजूला काढले, तरी त्याला एकतीस वर्षे लागतात. हे आकडे केवळ अंदाजासाठी घेतलेले आहेत. पण प्रमाण फारसे बदलत नाही. फी दुप्पट केली तर बोर्डिंग आणि खासगी पेइंग गेस्ट यांत फरक उरत नाही, आणि ज्याच्यासाठी संस्था काढली तोच मुलगा दाराबाहेर राहतो.

म्हणूनच विकसकाचा प्रस्ताव आकर्षक वाटतो. डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली आल्यानंतर जुन्या भूखंडांवर अधिक बांधकाम शक्य झाले. 'खाली दुकाने, वर कार्यालये, मागे तुम्हाला नवे वसतिगृह' हा त्या प्रस्तावांचा ठरीव साचा असतो. त्यात गैर काहीच नाही, असे नव्हे. आणि सगळेच गैर आहे, असेही नव्हे. प्रश्न असा की, तो प्रस्ताव स्वीकारण्याचा अधिकार कोणाला आहे?

विश्वस्त मालक नव्हेत

बोर्डिंग 'समाजाचे' असते, असे आपण म्हणतो. कायद्याच्या दृष्टीने ते सार्वजनिक न्यासाचे असते आणि कार्यकारी मंडळ हे त्याचे केवळ राखणदार असते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीवाचून न्यासाची स्थावर मालमत्ता विकता, बदलता वा बक्षीस देता येत नाही. बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यासही मंजुरी लागते. शेतजमिनीसाठी ही मर्यादा दहा वर्षांची आहे. कर्ज काढायचे झाले तरी कलम ३६-अ आडवे येते. गाळे तीन-तीन वर्षांच्या कराराने देत राहायचे, भाडे जुनेच ठेवायचे आणि पुढे भाडेकरू हटेना म्हणून कोर्टात जायचे, हे चित्र या तरतुदीभोवतीच उभे राहते.

मंजुरी मिळाली म्हणजे प्रश्न मिटला, असेही नाही. पुण्यात मॉडेल कॉलनीतील जैन बोर्डिंगच्या जागेच्या विक्रीला २०२५ मध्ये आधी मंजुरी मिळाली. समाजातून आणि आजी-माजी विद्यार्थ्यांतून तीव्र विरोध झाला, विकसकाने माघार घेतली आणि ऑक्टोबरअखेर धर्मादाय आयुक्तांनी ती मंजुरी रद्द केली. या प्रकरणाच्या राजकीय बाजूवर पुष्कळ चर्चा झाली. लहान संस्थांनी त्यातून घेण्याजोगा धडा मात्र साधा आहे. मोठा व्यवहार सभासदांना आणि विद्यार्थ्यांना शेवटी कळता उपयोगाचे नाही; तो त्यांना सर्वांत आधी कळला पाहिजे.

अनेकदा संस्था त्याही आधीच्या पायरीवर अडकते. विश्वस्त बदलल्यावर नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. निवडणुकीवरून वाद झाला की तो रिपोर्ट वर्षानुवर्षे प्रलंबित राहतो. मग बँक सहीबद्दल हरकत घेते, महापालिका मालकीचा कागद मागते आणि गळक्या छताची दुरुस्तीही पुढे पडते. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर कोणाचे नाव आहे, जागा देताना दरबाराने काही अटी घातल्या होत्या का, न्यास नोंदणीच्या परिशिष्टात सर्व मालमत्ता नमूद आहे का, हे तपासणे कंटाळवाणे काम आहे. परंतु भवितव्याच्या नियोजनाची खरी सुरुवात वास्तुविशारदाच्या रंगीत चित्रापासून न होता याच कागदांपासून होते.

खाट कोणासाठी?

नियोजनातील सर्वांत अवघड प्रश्न पैशाचा नसून उद्देशाचा आहे. या बाबतीत दूरचे एक उदाहरण उद्बोधक ठरावे. आयर्लंडमधून कामासाठी लंडनला गेलेल्या लोकांना एके काळी भाड्याची खोली मिळणे दुरापास्त असे. त्या समाजासाठी १९८५ मध्ये 'इनिस्फ्री' ही छोटी गृहनिर्माण संस्था निघाली. गावाकडून नव्याने आलेला तरुण ही स्थलांतरित समाजाची पहिली गरज असते. पुढे तोच तरुण म्हातारा होतो, त्याची मुले स्वतःच्या घरात राहतात आणि संस्थेला विचारावे लागते की, आपला माणूस आता कोण? इंग्लंडमध्ये अशा अनेक छोट्या संस्था मोठ्या संस्थांत विलीन झाल्या. विलीनीकरणाने हिशेब सुधारतो. पण दारात उभ्या माणसाची भाषा आणि अडचण ओळखणारा कारकून हरवू शकतो.

कोल्हापुरातही गरज सरकली आहे. शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये शहराच्या एका टोकाला सुरू झाले. तेथे 'कमवा आणि शिका' योजनेतून राहण्याची सोय झाली. अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालये निघाली, त्यांची स्वतःची वसतिगृहे आली. समाजकल्याण विभागाची शासकीय वसतिगृहे आहेत. तेथे प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून निवास-भोजनासाठी रक्कम मिळते, तर इतर काही प्रवर्गांसाठी पंजाबराव देशमुख यांच्या नावाने निर्वाहभत्ता योजना आहे. एखाद्या समाजातील सुस्थितीतील मुलाला आता बोर्डिंगची गरज उरलेली नाही. गरज उरली आहे ती चंदगड, शाहूवाडी, राधानगरीच्या वाडीवस्तीवरून येणाऱ्या आणि कोणत्याच योजनेत नीट न बसणाऱ्या मुलाला. त्याहून अधिक ती मुलीला आहे.

ही बोर्डिंगे प्रामुख्याने मुलांसाठी निघाली. राज्य शासनाने २०२४-२५ पासून कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा ठेवून व्यावसायिक अभ्यासक्रमांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. शुल्क माफ झाले, तरी राहण्याचा खर्च तसाच आहे. गावाकडच्या घरात मुलीला शहरात पाठवायचे की नाही, याचा निर्णय आजही 'राहणार कोठे' या प्रश्नावरच अडतो. सव्वाशे वर्षांपूर्वी मुलांच्या बाबतीत नेमके हेच घडत होते.

मुलींसाठी दरवाजा उघडणे किंवा अन्य समाजांतील गरजूंना काही खाटा देणे, यासाठी काही ठिकाणी संस्थेची घटना बदलावी लागेल. सोसायटी म्हणून नोंदलेल्या संस्थेला १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याच्या कलम १२ नुसार तीन-पंचमांश बहुमत आणि महिन्याच्या अंतराने दुसऱ्या सभेची पुष्टी लागते. मूळ उद्देश पाळणेच अशक्य झाले असेल, तर विश्वस्त कायद्याच्या कलम ५५ चा न्यायालयीन मार्ग आहे. दोन न्यास एकत्र करून एकच योजना आखण्याची सोय कलम ५०-अ मध्ये आहे. मात्र पूर्ण विलीनीकरणाला समाजाचा अभिमान आडवा येणार, हे उघड आहे. त्या अभिमानाची टवाळी करण्याचेही कारण नाही, कारण देणगी त्याच्याच पोटी येते. त्याआधी करता येण्याजोगे पुष्कळ आहे. चालत जाण्याच्या अंतरावरील चार बोर्डिंगांना एकच खानावळ, एकच लेखापाल, एकच पूर्णवेळ रेक्टर आणि प्रवेशाची एकच यादी चालू शकते. रिकाम्या खाटा एका दारी आणि नाकारलेले अर्ज शेजारच्या दारी, ही स्थिती तेवढ्याने टळेल.

पैशाच्या बाजूने पाहता, प्राप्तिकर सवलत घेणाऱ्या न्यासाने सर्वसाधारणपणे वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च करणे अपेक्षित असते. विशिष्ट कामासाठी, योग्य तो अर्ज भरून, ती पाच वर्षांपर्यंत साठविण्याची मुभा आहे. ही मुभा वापरली तर गाळ्यांचे वाढीव भाडे थेट इमारत निधीत वळविता येते. माजी विद्यार्थ्यांकडे आजवर स्नेहमेळाव्याच्या वेळीच वळले जाते. एका खाटेचा वर्षाचा खर्च किती, हे त्यांना लेखी कळविले तर देणगी कशाची मागितली जाते, हे तरी स्पष्ट होईल.

पंचगंगेला पूर आला की सुतारवाड्यातील कुटुंबांना दसरा चौकातील चित्रदुर्ग मठात हलविले जाते. नदीचे पाणी राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडते तेव्हा शहराच्या मध्यभागी मोठे आवार आणि शंभर माणसांचा स्वयंपाक होईल अशी भटारखान्याची जागा कशाला हवी, हे कोल्हापूरला सांगावे लागत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत ते साऱ्या शहराने पाहिले. पुनर्विकासाच्या आराखड्यात पटांगणाची जागा पार्किंग म्हणून रंगविण्यापूर्वी हा उपयोगही हिशेबात धरावा लागेल.

येत्या वार्षिक सभेत एखाद्या बोर्डिंगने भवितव्याचा विषय घेतलाच, तर नव्या इमारतीच्या नकाशाआधी गेल्या दहा वर्षांची एक साधी यादी सभासदांपुढे ठेवावी. तीत किती खाटा, किती अर्ज, कोणत्या तालुक्यांतून, किती जणांना नकार आणि कशामुळे, एवढे असले तरी पुरे. ती यादी करण्यासाठी धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीची गरज नाही.