हजेरीपटावरील मुलें

शाळेच्या सर्व दप्तरांत हजेरीपट हा दिसावयास अगदीं क्षुद्र. कोपरे दुमडलेले, शाईचे डाग पडलेले, एका ओळींत एक नांव आणि पुढें महिन्याच्या दिवसांचीं घरें. परंतु सरकारचा पैसा ज्या वाटेनें शाळेंत येतो, ती वाट या पुस्तकांतूनच जाते. पटावर मुलें किती, त्यावर तुकड्या ठरतात. तुकड्यांवर शिक्षक ठरतात. आणि शिक्षकांवर वेतनाचें अनुदान. दुपारच्या खिचडीचा तांदूळ पट पाहून मिळतो, पाठ्यपुस्तकें पट पाहून येतात. अनुसूचित जातिजमातींच्या व भटक्या-विमुक्तांच्या गरीब मुलींनीं पहिलीपासून चौथीपर्यंत शाळा सोडूं नये म्हणून महाराष्ट्र सरकारनें १९९२ सालीं दिवसाला एक रुपया उपस्थितिभत्ता देऊं केला. तो रुपयाहि याच घरांतील खुणांवरून मोजावयाचा. तेव्हां या पुस्तकांत एक खोटें नांव लिहिलें गेलें कीं कोठेंतरी एका खऱ्या मुलाचा वांटा कमी झाला, हा हिशेब समजण्यास फार मोठें गणित नको.

नांदेड जिल्ह्यांत हा हिशेब २०११ सालीं उघडा पडला. त्या वेळचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनीं शाळांच्या कागदांवर विसंबून न राहतां मुलें प्रत्यक्ष मोजविलीं. लाखाहून अधिक नांवें अशीं निघालीं कीं ज्यांच्यामागें मूल उभें नव्हतें. मग राज्य सरकारासहि स्वस्थ बसतां येईना. त्याच वर्षीं ३ ते ५ आक्टोबर या तीन दिवसांत साऱ्या महाराष्ट्रांत पटपडताळणी झाली, व सुमारें २० लाख विद्यार्थी जागेवर आढळले नाहींत. एका शाळेंत मोजलेलें मूल दुसऱ्या शाळेंत नेऊन पुन्हां बसवूं नये म्हणून मुलांच्या बोटांस, मतदारांच्या बोटांस लावतात तशी शाई लावण्यांत आली. शिक्षकीपेशांत आयुष्य घालविलेल्या आम्हांसारख्यांस तें दृश्य बोचलें. पण शाईची ही पाळी जिल्हाधिकाऱ्यांनीं आणलेली नव्हती, हें आम्हां मास्तरमंडळींनींच आधीं म्हटलें पाहिजे.

यांत जातीचा प्रश्न कोठून आला, असें कांहीं वाचक विचारतील. त्यांनीं शाळेचें प्रवेश-निर्गम रजिस्टर एकदां उघडून पहावें. नांव, जन्मतारीख, जन्मस्थळ यांच्या रांगेंत जातीचाहि रकाना आहे. २०२३ सालीं मराठवाड्यांत कुणबी नोंदींचा शोध न्यायमूर्ति शिंदे समितीकडे सोंपविला गेला, तेव्हां निजामकाळच्या जुन्या कागदांचें मोल पुष्कळांस प्रथमच कळलें. ज्या नातवाच्या आजोबांचें नांव शाळेंत लागलें होतें, त्याच्यापाशीं पुरावा आहे. ज्यांच्या आजोबांस शाळेच्या ओसरीवरहि चढूं दिलें नाहीं, त्यांनीं कोणतें रजिस्टर आणावें?

आणि खोटें नांव लिहिणारा तें कोणत्या वस्तींतलें म्हणून लिहितो, याचाहि विचार करावा. आमच्या घरांतील मुलगा चार दिवस गैरहजर राहिला तर पांचव्या दिवशीं त्याची आई नाहीं तर काका शाळेच्या दारांत उभा असतो. ज्या वस्तींतून विचारावयास कोणी येत नाहीं, तेथील नांव पटावर लिहिणें सोपें, आणि तेथील खऱ्या मुलाचा तांदूळ दुसरीकडे वळविणें त्याहूनहि सोपें. हा आमचा तर्क आहे. परंतु वर्गांत वर्षानुवर्षें हजेरी घेतलेला कोणीहि मनुष्य तो नाकारील असें वाटत नाहीं.

पडताळणीची दुसरी बाजू मात्र आमच्या पांढरपेशा वर्तुळांत फारशी बोलली गेली नाहीं. मोजणीच्या दिवशीं जें मूल जागेवर नाहीं, तें सर्वच खोटें असतें काय? कोणी तापानें निजलेलें असतें, कोणी धाकट्या भावंडास सांभाळीत बसलेलें असतें, कोणी सोयाबीनच्या काढणीस आईबरोबर गेलेलें असतें. मराठवाड्यांतून दरवर्षीं ऊसतोडीस निघणारीं कुटुंबें दिवाळीच्या सुमारास गांव सोडतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. आक्टोबराच्या आरंभीं केलेल्या मोजणींत हीं मुलें बहुधा गांवांतच असणार. तीच मोजणी जानेवारींत केली असती तर तीं ‘खोटीं’ ठरलीं असतीं. म्हणजे हजेरीपटावर दोन प्रकारचीं रिकामीं घरें असतात. एकाच्या मागें चोरी असते आणि दुसऱ्याच्या मागें दारिद्र्य. शाईच्या बाटलीस या दोहोंतील भेद कळत नाहीं. तो कळावयास कोणातरी माणसानें त्या मुलाच्या घरापर्यंत चालत गेलें पाहिजे. खोटें नांव खोडण्याबरोबर गैरहजर मूलहि खोडलें गेलें, तर चोराची शिक्षा त्या पोरानें भोगली असेंच होईल.

शाळेचें दार कोणास उघडें असावें, हा वाद आपल्याकडे जुना आहे. कोल्हापुरांत शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें आणि १९१९ सालीं अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडून त्या मुलांस सर्वांबरोबर बसविण्याचा हुकूम काढला. अमेरिकेच्या सर्वश्रेष्ठ न्यायालयानें गोऱ्या व काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाविरोधी ठरविल्या त्या १९५४ सालीं, म्हणजे पस्तीस वर्षांनंतर. आमच्या भागांत तर निजामाच्या राज्यांत शाळाच मुळीं थोड्या, आणि वरच्या शिक्षणाचें माध्यम उर्दू. मुक्तीनंतर १९५० सालीं दोन महाविद्यालयें निघालीं: डॉ. आंबेडकरांच्या संस्थेचें औरंगाबादेस, जें पुढें मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झालें, आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेनें नांदेडास पीपल्स कॉलेज. पण १९७८ सालीं मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचें नांव देण्याचा ठराव विधिमंडळांत होतांच याच नांदेड जिल्ह्यांत दलितांचीं घरें जळालीं. नामविस्तार व्हावयास १९९४ चा जानेवारी उजाडला.

लातुरास शाहूंच्या नांवाचें महाविद्यालय १९७० सालीं सुरू झालें. त्याचे प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे यांनीं अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा अभ्यास करून त्यावर मराठींत ग्रंथ लिहिला. बार्शी रोड आणि मिसिसिपी यांच्यांत कांहीं नातें आहे हें त्यांनीं ओळखलें, याचें आम्हांस नेहमीं कौतुक वाटत आलें आहे.

त्या अमेरिकेंतील एक प्रकरण येथें सांगण्याजोगें आहे. व्हर्जिनिया संस्थानांतील प्रिन्स एडवर्ड परगण्यानें गोऱ्या मुलांशेजारीं काळीं मुलें बसविण्यापेक्षां १९५९ सालीं सार्वजनिक शाळाच बंद करून टाकल्या. गोऱ्यांनीं आपल्या मुलांसाठीं खासगी शाळा काढली. काळ्या मुलांस १९६४ पर्यंत तेथें सार्वजनिक शाळा नव्हती. दगड कोणीं मारला नाहीं. ज्यांच्या शब्दास वजन होतें ते फक्त उठून निघून गेले.

नांदेडास व लातुरास असा कोणताहि ठराव झाला नाहीं. आमच्या घरांतून मुलें जिल्हा परिषदेच्या व नगरपालिकेच्या शाळांतून एकेक करून निघालीं. थोरल्याचा मुलगा इंग्रजी माध्यमांत गेला म्हणून धाकट्याचाहि गेला. प्रत्येक आईबापाचें कारण रास्त होतें, त्यांस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु त्या मुलांबरोबर त्यांचे काकाहि शाळेच्या दारांतून नाहींसे झाले, आणि पांचव्या दिवशीं विचारावयास येणारा मनुष्य उरला नाहीं. पट फुगविणाऱ्यांचें धैर्य वाढलें तें येथें.

उलट्या बाजूनें दार उघडण्याचा यत्न २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें केला. खासगी शाळांनीं पहिल्या वर्गांतील चौथाई जागा दुर्बल व वंचित घरांतील मुलांस द्याव्या, असें त्यांत आहे. ९ फेब्रुवारी २०२४ रोजीं महाराष्ट्र सरकारनें नियम बदलला: जवळ, एक किलोमीटरच्या आंत, सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेस या बंधनांतून सूट. शहरांत अशी शाळा कोठें नसते? मुंबई उच्च न्यायालयानें जुलै महिन्यांत ही दुरुस्ती रद्द केली. ज्या सरकारी शाळेंतून पाटीलही आणि कुलकर्णीही आपलीं मुलें काढून घेतात, तीच मातंगाच्या मुलास पुरेशी आहे, असा त्या नियमाचा साधा अर्थ होता.

याच कायद्याच्या २१ व्या कलमान्वयें सरकारी व अनुदानित शाळेस व्यवस्थापन समिति असावी लागते. तींत तीन चतुर्थांश सभासद पालक, निम्म्या सभासद स्त्रिया, आणि दुर्बल घटकांतील पालकांस त्यांच्या मुलांच्या प्रमाणांत जागा. उरलेल्या चतुर्थांशांत लोकप्रतिनिधि व शिक्षक यांच्याबरोबर स्थानिक शिक्षणप्रेमी माणसासहि बसतां येतें. आपल्या एकत्र कुटुंबांतून निवृत्त शिक्षक, कारकून, वकील पुष्कळ आहेत. सकाळचें वर्तमानपत्र झाल्यावर त्यांस वेळहि असतो. मूल त्या शाळेंत नसलें तरी ही जागा त्यांस बंद नाहीं. तेथें मुख्याध्यापकांपाशीं हजेरीपट मागावा, सलग आठ दिवस रिकामीं असलेलीं घरें पहावीं, आणि त्या मुलांकडे कोण जाऊन आलें तें विचारावें. कोणी गेलेलें नसल्यास समितींतील त्या वस्तीच्या आईबरोबर स्वतः जावें. दिवाळीपूर्वींची बैठक याकरितां विशेष महत्त्वाची, कारण त्यानंतर ऊसतोडीच्या गाड्या निघतात, आणि मागें राहणाऱ्या मुलांच्या हंगामी वसतिगृहाची मागणी त्याआधीं पंचायत समितींत पोंचावी लागते.