ताम्हिणीचा उतार आणि जुनी येझदी

पुण्याहून महाडला जाण्याची एक वाट पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, माणगाव अशी आहे. शंभरावर किलोमीटरचा पल्ला. 20 मार्चला चवदार तळ्यावर जायचे, मागे घरचे माणूस बसलेले आणि गाडी जुनी येझदी किंवा राजदूत. अशा वेळी एक गोष्ट माहीत असलीच पाहिजे.

येझदीचा म्हैसूरचा कारखाना 1996 साली बंद झाला. पण नीट राखलेल्या गाड्या आजही धावतात. ही टू-स्ट्रोक इंजिने. पिस्टनला लागणारे ऑइल बहुधा पेट्रोलमध्ये मिसळूनच जाते. गाडीच्या पुस्तकात 1:25 प्रमाण दिले असेल, तर लिटरला 40 मिली. अंदाजाने ओतू नये.

चढाला इंजिन तापते हे सर्वांना कळते. उताराचा धोका मात्र लक्षात येत नाही. गाडी गिअरमध्ये ठेवून, अ‍ॅक्सिलरेटर सोडून लांबवर उतरलो, की पेट्रोल कमी जाते आणि त्यासोबत ऑइलही. पिस्टन मात्र जोरात फिरत्या चाकाबरोबर चालूच राहतो. तो कोरडा पडून जाम झाला, तर मागचे चाक अडकते. म्हणून अधूनमधून क्लच दाबून अ‍ॅक्सिलरेटर थोडा पिळावा. पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये उतरू नये. सगळा भार ब्रेकवर येतो. इंजिनचा आवाज बदलला, ओढ कमी झाली, की लगेच क्लच दाबून कडेला थांबावे.

निघण्यापूर्वी चेन, ब्रेक, हवा पाहावी; जादा प्लग आणि पाना सोबत असावा. तासभर उशीर झाला तरी चालेल, सर्वांनी सुखरूप पोचावे.