तीन सुती बोल्ट आणि अडीच टनांची पकड

ब्रेक दाबला की पुढच्या चाकाकडून ‘खट्’ असा एकच आवाज येतो. ब्रेक सोडला की पुन्हा एकदा. एमजीबी ही जुनी गाडी बाळगणाऱ्यांना हा आवाज पाठ असतो, आणि बहुतेकांचा पहिला संशय जातो किंगपिनवर किंवा बेअरिंगवर. मी ऑक्सफर्डजवळ राहायला आलो तेव्हापासून या गाड्यांच्या नादी लागलो आहे. मित्रांच्या गॅरेजांत त्यांच्याखाली पाठ टेकून कितीतरी शनिवार गेले. हा आवाज ऐकला की मी आधी चाक काढून डॅम्परचे, म्हणजे शॉक अ‍ॅब्झॉर्बरचे, चार बोल्ट बघतो. बरेचदा एखादा बोल्ट बोटांनी फिरतो. कधी तर चारांतला एक नसतोच, नुसतं भोक असतं.

गाडीची कुळकथा थोडक्यात सांगतो. अबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात एमजीबी तयार झाली. उघड्या टपाची आणि बंद टपाची जीटी, दोन्ही धरून संख्या पाच लाखांच्या वर गेली, इंजिन १.८ लिटरचं. १९८० च्या ऑक्टोबरमध्ये कारखान्याला टाळं लागलं. बाकी इतिहास पुस्तकांत भरपूर आहे. मला बोलायचं आहे ते त्या चार बोल्टांबद्दल.

पुढच्या सस्पेन्शनची कल्पना मूळ अलेक इसिगोनिस यांची, ज्यांनी पुढे मिनी घडवली. १९४७ च्या एमजी वाय टाइपमध्ये ती आली आणि थोड्याफार फरकाने एमजीबीच्या शेवटच्या गाडीपर्यंत टिकली. तिची खुबी अशी की डॅम्परच्या अंगातून निघणारे दांडे हीच चाकाची वरची भुजा असते. डॅम्पर भुजांपासून वेगळा असला आणि ढिला झाला तर गाडी नुसती आपटते. इथे डॅम्पर हलला की चाकच हलतं! ब्रेकच्या जोराने किंगपिनचं वरचं टोक ढकललं जातं, डॅम्पर आपल्या बैठकीवर सरकतो आणि ‘खट्’ होतं. असे हजारो धक्के बसले की आटे झिजतात आणि बोल्ट रस्त्यावर कुठेतरी पडून जातो.

हा प्रत्येक बोल्ट तीन सुती, म्हणजे ३/८ इंचाचा, बारीक आट्यांचा, इंचाला २४ आटे. बारकासा दिसतो, पण नीट आवळला की अडीच टनांहून जास्त जोराने डॅम्परला क्रॉसमेंबरवर, म्हणजे पुढच्या आडव्या तुळईवर, दाबून धरतो. चार मिळून दहा टन! ते कसं, हे मला फार मोलाचं वाटतं. बोल्ट आवळताना तो ताणला जातो, मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यांत मोजावा इतकाच. ताणलेलं पोलाद पुन्हा आखडायला बघतं आणि त्या ओढीने दोन्ही भाग एकमेकांवर दाबले जातात. डॅम्परला जागेवर ठेवतं ते त्या दाबातून आलेलं घर्षण. बोल्टचा दांडा आडवा मार खाण्यासाठी नसतोच. दाब गेला की मार दांड्यावर येतो, आणि मग दिवस भरलेच म्हणायचे.

शिवाय पान्याने लावलेला जोर सगळा कामी येत नाही. ढोबळमानाने निम्मा डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्के आट्यांत, आणि ताणायला उरतो जेमतेम दहा टक्के. म्हणून आटे गंजलेले असले तर टॉर्क रेंच इमानदारीने ‘टक्’ करते आणि बोल्ट मात्र ढिलाच राहतो. उलट कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा ग्रीस चोपडून गाठला तर बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो.

गेर्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवून दिलं की बोल्टला सर्वांत लवकर सैल करते ती आडवी थरथर. जोडलेले दोन भाग एकमेकांवर सरकू लागले की आट्यांची पकड क्षणभर सुटते आणि बोल्ट आपोआप उलटा फिरतो. स्प्रिंग वायसरचा अशा वेळी फारसा उपयोग होत नाही. डॅम्परच्या बोल्टांखाली पूर्वापार तेच वायसर असतात आणि मालक नवे वायसर घालून निश्चिंत होतो.

माझं निरीक्षण असं की नुकत्याच नटवलेल्या गाड्यांत हे बोल्ट जास्त सुटतात. हल्ली क्रॉसमेंबर पावडर कोटिंग करून आणतात, काळाभोर, चकाचक. ते कोटिंग डॅम्परच्या बैठकीखाली आणि बोल्टच्या डोक्याखालीही राहतं. काही आठवड्यांत ते दबतं, पातळ होतं. बोल्ट ताणलेला असतो मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यांत. तेवढीच जाडी दबली की ताण संपला. म्हणून मी बैठकीची जागा खरवडून उघडं लोखंड दिसेपर्यंत साफ करायला लावतो. रंगाचं दुःख होतं, पण इलाज नाही.

नवा बोल्ट निवडताना डोकं वाचावं. तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा रेघा म्हणजे ग्रेड ८, मेट्रिकवर ८.८ किंवा १०.९ कोरलेलं असतं. कोरं डोकं सस्पेन्शनला लावू नये. मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरातले टर्नर नमुना दाखवला की लेथवर हुबेहूब बोल्ट काढून देतात आणि त्या हातांबद्दल मला अपार आदर आहे. पण साध्या एमएसच्या सळीतून कापलेला बोल्ट इथे चालत नाही. पोलादही वेगळं लागतं आणि आटेही रोल केलेले लागतात. स्टेनलेसच्या चकचकीत बोल्टांनाही माझा ठाम विरोध आहे. नेहमी मिळणारा ए२-७० ताकदीला ८.८ पेक्षा कमी भरतो आणि त्याचे आटे एकमेकांत जाम होतात. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर गेलो की मी तासभर रमतो. तिथे ‘यूएनएफ, तीन सूत, हाय टेन्साइल’ म्हटलं की दुकानदार वळून न बघता डबा काढतो.

जवळचा म्हणून दहा मिलिमीटरचा बोल्ट ठोकू नये. त्याची जाडी अर्धा मिलिमीटर जास्त आणि आटे वेगळे, त्यामुळे क्रॉसमेंबरचे आटे कायमचे जातात. पानाही ९/१६ चाच हवा. चौदाचा बसत नाही, पंधराचा डोक्याचे कोपरे गोल करतो. एमजीच्या आधीच्या टीसी, टीडी गाड्यांची तर आणखी गंमत. त्यांच्या इंजिनात आटे मेट्रिक आणि डोकी व्हिटवर्थच्या मापाची! ही इंजिनं बनवणाऱ्या मॉरिस कंपनीने १९२३ मध्ये कॉव्हेंट्रीचा हॉचकिस कारखाना घेतला, तिथली यंत्रं फ्रेंच मापांची होती. इंग्रज मेकॅनिकचे पाने चालावेत म्हणून डोकी तेवढी इंग्रजी ठेवली. अशा इंजिनासमोर मी तासन्‌तास उभा राहू शकतो.

प्रत्यक्ष काम करताना एक गोष्ट जिवावर बेतू शकणारी आहे. डॅम्पर पूर्ण सोडवायचा असेल तर आधी स्प्रिंगच्या ताटलीखाली जॅक लावलाच पाहिजे, कारण दाबलेल्या स्प्रिंगला अडवून धरणारी वरची भुजा डॅम्परचीच असते. एकच बोल्ट हरवलेला असेल तर तिथले आटे टॅपने साफ करावेत, गेलेच असतील तर हेलिकॉइल घालावं, आणि नवा बोल्ट घालताना उरलेले तीनही काढून तपासावेत. चौथा पडेपर्यंत त्यांनी त्याचा मार सोसलेला असतो. रबरी बुश असलेले बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळावेत. चाकं लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

काम झालं की बोल्टच्या डोक्यावरून डॅम्परच्या अंगावर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढावी. शंभर मैलांनी चाकाच्या फटीतून टॉर्च मारला की रेघ सरळ आहे की तुटली, ते लगेच कळतं.

ब्रिटनमध्ये २०१८ च्या मे महिन्यापासून चाळीस वर्षांवरच्या, फारसे बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक एमओटी तपासणी सक्तीची नाही. म्हणजे फारसे बदल न केलेली एकही एमजीबी आता सक्तीच्या तपासणीत येत नाही. तुमची गाडी त्यांतली असेल, तर लांबच्या प्रवासाआधी चाक काढा आणि ते चार बोल्ट स्वतःच्या हाताने तपासा.