वृद्ध रुग्णाची वेदना कशी ओळखावी?

घरांतील वृद्ध आजोबा कर्करोगानें अंथरुणास खिळलेले असावे, डॉक्टरांनीं "आजोबा, कसें काय?" असें विचारावें आणि त्यांनीं "बरें आहे" म्हणून मान हलवावी, हा प्रसंग आमच्या वाचकांपैकीं कित्येकांनीं पाहिला असेल. तेच आजोबा रात्रीं कूस पालटतांना उशींत तोंड खुपसून कण्हतात. मग ते खोटें बोलले काय? तसें नव्हे. मुलांना त्रास नको, खर्च वाढूं नये, म्हातारपणीं दुखावयाचेंच, अशा समजुती त्या उत्तरामागें असतात.

रोग बरा होण्यासारखा नसला तरी त्याचा त्रास कमी करतां येतो. यासच उपशामक उपचार म्हणतात. मुंबईस परळ येथें टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ सालीं उघडलें. केवळ अशा शुश्रूषेसाठीं वांद्र्यास 'शांती आवेदना सदन' निघावयास मात्र १९८६ साल उजाडलें.

परंतु त्रास किती हें कळल्याखेरीज तो कमी कसा करावा? कॅनडांतील एडमंटन येथें १९९१ सालीं एक सोपी पद्धत निघाली. दुखणें, थकवा, मळमळ, गुंगी, धाप, भूक, उदासी, काळजी व एकंदर स्वास्थ्य यांस रुग्णानें स्वतः शून्य ते दहा अंक द्यावयाचे. आमच्या परिचयाच्या पंचवटींतील एका आजोबांस हे अंक कांहीं केल्या उमगेनात. शेवटीं नातीनें विचारलें, "आजोबा, रुपयांत किती आणे दुखतें?" तत्काळ उत्तर आलें, "बारा आणे!" डॉक्टरांनीं औषधाची मात्रा बदलली आणि आजोबा चार आण्यांवर आले. माप कोणतेंही असो. रोज त्याच मापानें मोजलें म्हणजे झालें.

दुखण्याची जातही विचारावी. ठणका, कळ, चमक, आग, मुंग्या, मुरडा, आपल्या भाषेंत शब्दांना तोटा नाहीं! ते जसेच्या तसे डॉक्टरांस सांगावे. आग होणें, चमक मारणें, मुंग्या येणें यांवरून मज्जातंतूंच्या वेदनेचा संशय येतो, व तिचीं औषधें निराळीं असतात. नुसतें "दुखतें" म्हटल्यानें हा भेद हरवतो. विचारतांना आजोबांच्या कानांस यंत्र, डोळ्यांस चष्मा आहे ना, हें पाहावें. मॉर्फीन चालू असतां मलावरोध हटकून होतो. पण शौचाची गोष्ट लाजेनें कोणी काढीत नाहीं!

ज्यांची स्मृति गेली त्यांचा श्वास, कण्हणें, चेहरा, अंगाची हालचाल, आणि धीर दिल्यानें ते शांत होतात कीं नाहीं, एवढें पाहावें. बोलता माणूस एकाएकीं गप्प व सुस्त झाला, त्याला दिवसरात्र कळेना, तर "शांत पडून आहेत" असें समाधान मानूं नये. अंगांतील पाणी कमी होणें, जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, किंवा एखादें औषधच त्याच्या मुळाशीं असूं शकतें, आणि पुष्कळदां त्यावर इलाज असतो. डॉक्टरांस त्याच दिवशीं कळवावें.

पंचवटींतील त्या नातीनें जुन्या वहीच्या मागच्या पानांवर तारीख, वेळ व आणे लिहून ठेविले होते. पुढच्या भेटींत डॉक्टरांनीं नाडी पाहण्यापूर्वीं ती वही मागितली.