तीस ग्रॅमचें विमान

संक्रांत जवळ आली कीं ठाणें, डोंबिवली आणि कल्याण या शहरांतील गच्च्यांवर पतंग उडूं लागतात. उडविणारा खालीं असतो, त्याची दृष्टि वर असते, आणि हातांतील दोरा वाऱ्याची प्रत्येक बातमी त्याच्या बोटांना देत असतो. अलीकडे याच इमारतींच्या बंद खोल्यांतून एक निराळें उड्डाण सुरू झालें आहे. त्यांत दोरा नाहीं, वारा नाहीं, आणि उडविणाऱ्याची दृष्टि खालून वर जात नाहीं. ती उडणाऱ्या वस्तूंतच जाऊन बसलेली असते. जेवणाच्या मेजाखालून, खुर्चीच्या पायांमधून, पडद्याला वळसा घालून भुंग्यासारखा गुणगुणत जाणारा हा जीव म्हणजे चार पंख्यांचा चिमुकला ड्रोन होय. बॅटरीसकट त्याचें वजन ३० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूच्या सुमारें पांचव्या हिश्श्याइतकें असतें.

घरांतील मुलगा किंवा मुलगी या नादीं लागली कीं वडील माणसांच्या मनांत तीन प्रश्न उभे राहतात. हें घातक तर नाहीं ना? कायद्याला धरून आहे काय? आणि यांत शिकण्यासारखें कांहीं आहे काय? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. आणि नवल असें कीं तिहींचें उत्तर शोधूं गेल्यास तें एकाच गोष्टीपाशीं येऊन थांबतें. ती गोष्ट म्हणजे वजन.

प्रथम हें यंत्र उडतें कसें तें पाहूं. हेलिकॉप्टरच्या पंख्याचीं पातीं उडतां उडतां वळविण्यासाठीं नाजुक यंत्रणा लागते. चार पंख्यांच्या ड्रोनमध्यें असें कांहींच नसतें. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार मोटरी, आणि प्रत्येकीवर एक पंखा, एवढीच त्याची रचना. एका कर्णावरील दोन पंखे घड्याळाच्या कांट्यांच्या दिशेनें फिरतात, दुसऱ्या कर्णावरील दोन उलट दिशेनें. त्यामुळें एकमेकांचा पीळ फिटतो आणि यंत्र स्वतःभोंवतीं गरगरत नाहीं. मागचे दोन पंखे जलद केले कीं तें पुढें झुकून पुढें जातें. डावे जलद केले कीं उजवीकडे जातें. एका कर्णाची गति वाढवून दुसऱ्याची कमी केली कीं जागच्या जागीं वळतें. चारहि एकदम वाढविले कीं वर चढतें.

ही कल्पना सोपी असली तरी असें यंत्र केवळ मनुष्याच्या हातानें सांवरतां येणार नाहीं. काठीवर उभी केलेली थाळी जशी क्षणोक्षणीं सांवरावी लागते, तशीच याची स्थिति आहे. हें सांवरण्याचें काम नखाएवढ्या एका संवेदकाकडे असतें. यंत्र कोणत्या अंगानें किती वेगानें फिरत आहे हें तो सेकंदाला हजारों वेळां मोजतो, आणि त्याच्या शेजारचा संगणक तितक्याच तत्परतेनें चारहि मोटरींना हुकूम देतो. या विद्येचा उगम मौजेचा आहे. ‘निन्टेन्डो वी’ नांवाच्या खेळाच्या रिमोटमधील संवेदक काढून कांहीं छांदिष्टांनीं ते उडत्या यंत्रांवर बसविले, आणि त्यांच्या संगणक-आज्ञावलीला ‘मल्टीवी’ हें नांव पडलें. आज बहुतेक चिमुकल्या ड्रोनमध्यें चालणारी ‘बीटाफ्लाइट’ ही तिच्याच वंशांतील होय. ती कोणालाहि उघडून वाचतां येते आणि सुधारतांहि येते.

यावर एक चिमुकला कॅमेरा आणि चित्र बिनतारी पाठविणारा प्रक्षेपक बसविला कीं खेळाचें स्वरूप पालटतें. चालक डोळ्यांवर गॉगल चढवितो आणि यंत्र जें पाहतें तेंच तो पाहतो. शरीर खुर्चींत, डोळे मात्र हवेंत. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला एफ. पी. व्ही. म्हणतात. मोठ्या ड्रोनवर असें उड्डाण आधींपासून चालत होतें. २०१६ च्या सुमारास अमेरिकेंतील जेसी पर्किन्स या छांदिष्टानें पंख्यांभोंवतीं संरक्षक कडीं असलेल्या एका बाजारी खेळण्यावर लहान कॅमेरा चढविला, आणि ‘टायनी व्हूप’ या नांवानें हा प्रकार जगभर पसरला. त्याची खुबी त्या कड्यांत आहे. भिंतीवर आपटलें तरी कडें आपटतें, पंखा नव्हे. यंत्र खालीं पडतें, आणि बहुधा तेथूनच पुन्हां उडतें.

आतां पहिला प्रश्न, घातकतेचा. हालणाऱ्या वस्तूचा तडाखा तिच्या वजनावर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो. ३० ग्रॅमचें यंत्र सेकंदाला ५ मीटर वेगानें जात असेल तर त्यांतील ऊर्जा अर्ध्या ज्यूलपेक्षांहि कमी भरते. २ किलोग्रॅमचा ड्रोन सेकंदाला १५ मीटर वेगानें जात असेल तर तीच ऊर्जा २२५ ज्यूल, म्हणजे सुमारें सहाशें पट होते. दुसऱ्यानें डोकें फुटेल. पहिल्यानें फार तर फुलदाणी कलंडेल. म्हणूनच दोन खोल्यांच्या घरांत पहिलाच काय तो शोभतो. डोंबिवलीसारख्या शहरांत मैदानें थोडीं, आणि रविवारीं त्या थोडक्यांतहि क्रिकेटचे पांच-सहा सामने एकमेकांत गुंतलेले असतात. अशा ठिकाणीं जो खेळ दिवाणखान्यांत मावतो तोच टिकतो.

दुसरा प्रश्न कायद्याचा. भारतांत २५ ऑगस्ट २०२१ रोजीं ड्रोन नियम प्रसिद्ध झाले. त्यांतहि वर्गवारी वजनावरूनच केलेली आहे. २५० ग्रॅमपर्यंतचें यंत्र सर्वांत लहान, म्हणजे ‘नॅनो’ वर्गांत पडतें, आणि तें चालविण्यास चालकाचें प्रमाणपत्र लागूं नये असें त्या नियमांनीं ठरविलें. पण याचा अर्थ आकाश मोकळें आहे असा नव्हे. सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ या संकेतस्थळावर हिरवे, पिवळे आणि तांबडे विभाग दाखविणारा नकाशा असतो. मुंबईचा विमानतळ आणि डिसेंबर २०२५ पासून सुरू झालेला नवी मुंबईचा विमानतळ, अंबरनाथचा आयुध कारखाना, आणि येऊरच्या अंगाला असलेलें संजय गांधी राष्ट्रीय उद्यान ध्यानांत घेतां खोलीबाहेर पडण्यापूर्वीं हा नकाशा पाहणें हें चालकाचें पहिलें कर्तव्य ठरतें. पोलीसहि प्रसंगानुसार उड्डाणबंदीचे आदेश काढीत असतात. नियम बदलतात, म्हणून ते दर वेळीं नव्यानें पाहावे.

कायद्याच्या आणखी एका कलमाचा या छंदावर विलक्षण परिणाम झाला. ९ फेब्रुवारी २०२२ रोजीं केंद्र सरकारनें परदेशी तयार ड्रोन आणि त्यांचे जोडणीसाठीं येणारे संच, या दोहोंची आयात बंद केली. सुट्या भागांची आयात मात्र मोकळी ठेवली. ज्याला तयार खेळणें हवें होतें त्याची त्यामुळें पंचाईत झाली. पण मोटर, सांगाडा, संगणकपट्टी, कॅमेरा असे भाग एक एक जमवून, डाख लावून, यंत्र स्वतः उभें करण्याची वाट उघडी राहिली. ही वाट लांबची आहे, पण शिक्षणाची आहे. ठाणें जिल्ह्यांतच, महापे येथें, ‘आयडियाफोर्ज’ ही ड्रोन बनविणारी कंपनी आहे. मुंबईच्या आय. आय. टी. मधून बाहेर पडलेल्या तरुणांनीं ती २००७ सालीं स्थापन केली. २००९ च्या ‘थ्री इडियट्स’ या चित्रपटांत वसतिगृहाच्या खिडकीपर्यंत चढणारें चार पंख्यांचें यंत्र याच मंडळींनीं पुरविलेलें होतें. आणि पुढें हीच कंपनी भारतीय सैन्याला ड्रोन पुरवूं लागली. प्रत्येक छांदिष्ट तेथवर पोंचेल असें नव्हे. तथापि खेळ आणि उद्योग यांच्यामध्यें भिंत नसून पायऱ्या आहेत, एवढें त्यावरून दिसतें.

तिसरा प्रश्न शिकण्याचा. आणि या छंदाचें खरें मर्म येथें आहे. यंत्र उडूं लागलें कीं आठवड्याभरांत त्याच्यांत सुधारणा करण्याची इच्छा होते. नवशिक्याची समजूत अशी असते कीं सुधारणा म्हणजे भर घालणें: मोठी बॅटरी, अधिक चांगला कॅमेरा, अधिक मजबूत सांगाडा. यंत्र त्याला लवकरच निराळा हिशेब शिकवितें.

एक उदाहरण घेऊं. बॅटरीवांचून यंत्राचें वजन २० ग्रॅम, आणि ३०० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीचें ८ ग्रॅम, मिळून २८ ग्रॅम आहे असें समजूं. उड्डाण सुमारें ४ मिनिटांचें होतें. आतां ४५० मिलिअँपिअर-तासांची, १२ ग्रॅमची बॅटरी बसविली. सांठा दीडपट झाला. तेव्हां उड्डाणहि दीडपट, म्हणजे ६ मिनिटांचें होईल असें वाटतें. पण वजन आतां ३२ ग्रॅम झालें आहे. आणि त्याच पंख्यांनीं हवेंत तरंगत राहण्यास लागणारी शक्ति वजनाइतकीच वाढत नाहीं, त्याहून जलद, वजनाच्या दीडाव्या घाताच्या प्रमाणांत वाढते. हिशेब केला तर ती सुमारें २२ टक्क्यांनीं वाढलेली आढळते. त्यामुळें दीडपट सांठ्यांतून उड्डाण मिळतें तें सव्वापटीहूनहि किंचित् कमी, म्हणजे ५ मिनिटांच्याहि आंतलें. शिवाय वळणें जड होतात तें निराळेंच. याच यंत्रावर स्वच्छ चित्र देणारा डिजिटल कॅमेरा बसविला आणि त्यानें ६ ग्रॅम वाढले, तर ४ मिनिटांचें उड्डाण ३ मिनिटांवर येतें. म्हणूनच पुष्कळ जाणते चालक मुंग्या आल्यासारखें दिसणारें जुन्या पद्धतीचें चित्र पत्करतात, पण वजन पत्करीत नाहींत.

उलटपक्षीं, ज्या सुधारणांचा दिखावा नाहीं त्यांचेंच फळ मोठें असतें. बॅटरी जोडण्याची खुंटी हें याचें उत्तम उदाहरण आहे. ‘पी. एच. २.०’ नांवाची जुनी खुंटी २ अँपिअर प्रवाहासाठीं बनविलेली, आणि या यंत्राचा सरासरी प्रवाहच सुमारें ४ अँपिअर; जोर लावतांना तो याहून वाढतो. अरुंद दारांतून गर्दी जावी तसा प्रकार होतो, दाब पडतो, आणि ऐन वळणावर यंत्र खचतें. तिच्या जागीं ‘बी. टी. २.०’ ही कमी विरोधाची खुंटी डाख लावून बसविली कीं तीच बॅटरी नवी झाल्यासारखी वागते. ब्रश असलेल्या मोटरी थोड्या तासांत झिजतात. त्यांच्या जागीं ब्रशरहित मोटरी घातल्यास त्या पुष्कळ टिकतात. आणि या सर्वांच्या आधीं करावयाची सुधारणा तर अगदीं फुकटची आहे: मोटरीच्या दांड्याभोंवतीं गुंडाळलेले केस चिमट्यानें काढणें, वाकलेला पंखा बदलणें, आणि गरजेपेक्षां लांब असलेली तार कापून आंखूड करणें.

हाताचें शिक्षणहि असेंच पायरीपायरीनें होतें. आरंभीं यंत्र स्वतःहून समतोल राहतें, तो प्रकार वापरावा. पुढें तो आधार सोडून सर्व कल चालकानेंच सांभाळावयाचा असतो. त्याचा सराव आधीं संगणकावरील आभासी उड्डाणांत करावा, कारण तेथें पंखे मोडत नाहींत.

वजनानें बहुतेक धोके दूर ठेवले, तरी कांहीं उरतात. आणि त्यांत पहिला बॅटरीचा. लिथियमची ही पुडी आठच ग्रॅमची असली तरी ती पेटूं शकते. घरांत कोणी नसतां किंवा सर्वजण निजलेले असतां ती चार्ज करूं नये. साधी बॅटरी ४.२ व्होल्टपलीकडे भरूं नये, ३.३ व्होल्टच्या खालीं उपसूं नये, आणि कांहीं दिवस वापरावयाची नसेल तर ३.८ च्या सुमारास ठेवावी. फुगलेली बॅटरी जतन करणें ही काटकसर नव्हे. दुसरा धोका रेल्वेचा. रुळांवरच्या तारांत २५,००० व्होल्ट दाब असतो. त्या बाजूला गेलेलें यंत्र गेलें असें समजावें. त्याच्या मागें कोणीहि कुंपण ओलांडूं नये. तिसरी गोष्ट धोक्याची नसून सभ्यतेची आहे. या शहरांत एका घराची खिडकी दुसऱ्या घरापासून हातभर अंतरावर असते, आणि यंत्राला डोळा असतो. आपल्या उंबऱ्याबाहेर उडवावयाचें झाल्यास शेजाऱ्यांना विचारावें, आणि चालकाच्या डोळ्यांवर गॉगल असल्यामुळें उघड्या डोळ्यांनीं पाहणारा एक जोडीदार शेजारीं उभा करावा.

इतकें पाळलें म्हणजे वडिलांनीं या छंदाला नकार देण्याचें कारण उरत नाहीं. पण त्यांनीं एक करावें. मुलानें नवा कॅमेरा मागितला कीं तो आणण्यापूर्वीं ग्रॅमचा दहावा भाग दाखविणारा, सोनार वापरतो तसा, लहान कांटा आणून द्यावा. प्रत्येक भाग काढून तोलावा, वहींत मांडावा, आणि नव्या भागानें किती सेकंद जातील तें मुलानेंच सांगावें. मग यंत्र उडवून, घड्याळ लावून, तें उत्तर तपासावें. उत्तर जुळलें तर कॅमेरा अवश्य घ्यावा. जुळलें नाहीं तर चूक हिशेबांत आहे कीं डाखांत, हें दोघांनीं मिळून शोधावें.