अनंतगिरी : काळ्या कातळाचा पूर्वेकडचा काठ

परळी-वैजनाथहून उदगीर, बिदर, जहीराबाद करत हैदराबादकडे येणारा लोहमार्ग विकाराबादला मुख्य मार्गाला मिळतो. शिक्षण, नोकरी, दवाखाना, लग्नाचा बस्ता अशा नाना कामांसाठी मराठवाड्यातल्या किती पिढ्या या जंक्शनवरून गेल्या असतील! इथे उतरणारे मात्र थोडेच. स्टेशनापासून पाच-सहा किलोमीटरवर अनंतगिरीच्या टेकड्या आहेत. सह्याद्रीत ज्या कातळावर आपण चढतो-उतरतो, त्याच जातीचा कातळ दख्खनच्या या बाजूला इथवर येऊन पोहोचला आहे. हैदराबादेत राहून सह्याद्रीची आठवण काढणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने एकदा तरी इथे पायी फिरावं, असं मला मनापासून वाटतं.

हैदराबाद शहराचा दगड वेगळा, तो ग्रॅनाइट. सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा, जमिनीच्या पोटात खोलवर सावकाश थंड होऊन घडलेला आणि वरचे थर झिजून गेल्यावर उघडा पडलेला. शहरातल्या टेकड्यांवरचे एकावर एक तोललेले प्रचंड गोल धोंडे कुणी रचलेले नाहीत. भेगांमध्ये पाणी शिरून, कडा कुजून-झडून त्यांना तो आकार आला आहे. उंचावरून शहर पाहायचं असेल तर या टेकड्यांना तोड नाही. गोळकोंड्याच्या बाला हिसारवर चढलं की एका बाजूला कुतुबशाही घुमट आणि दुसऱ्या बाजूला पश्चिमेकडच्या नव्या वसाहतींचे काचेचे मनोरे दिसतात. मौला अलीच्या डोंगरावर पायऱ्या चढून दर्ग्यापाशी उभं राहिलं की सिकंदराबादचा पसारा नजरेत मावत नाही. खाजागुड्याच्या धोंड्यांमध्ये तर शहरातली तरुण मुलं पहाटेपासून चढाईचा सराव करत असतात. पण यातलं काहीही ज्वालामुखीतून वाहत आलेलं नाही. लाव्हारसाच्या जमिनीवर चालायचं तर शहर सोडून पश्चिमेला जावं लागतं.

मोटारीने निघालात तर रस्ता विजापूरचा. मोईनाबादपासून मन्नेगुड्यापर्यंत दुतर्फा जुने वड आहेत, सुमारे नऊशे. निजामी अमदानीत लावलेले, चेवेल्ल्याचे वड म्हणून ओळखले जाणारे. महामार्गाच्या रुंदीकरणात ते जाऊ नयेत म्हणून नागरिकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, प्रकरण हरित न्यायाधिकरणापर्यंत नेलं. या वडांखालून जाताना घाई करू नये. चेवेल्ला ओलांडून विकाराबादकडे सरकताना बाजूच्या शेतांकडे पाहत राहा. गोल धोंडे विरळ होतात, काळी माती दिसू लागते, मग उंचवट्यांवर तांबडा दगड. जमीन बदलली हे कुणी सांगावं लागत नाही.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे पूर आले. आपल्याकडे नाशिक, अहिल्यानगर, पुण्याच्या पश्चिमेला त्यांचे थर एकावर एक चढत हजार-दीड हजार मीटरच्या वर गेले. कळसूबाईची 1646 मीटरची उंची ही त्यांचीच. पूर्वेकडे ते पातळ होत गेले, तव्यावर पसरलेल्या आंबोळीची कड जशी पातळ होते तसे. म्हणून अनंतगिरीला हरिश्चंद्रगडासारखा कडा नाही, राजगडासारखी माची नाही. इथे आहेत सपाट माथ्यांच्या बुटक्या टेकड्या, आणि बऱ्याच ठिकाणी माथ्यावर जांभ्याची टोपी. काळ्या कातळावर लक्षावधी वर्षं ऊन-पाऊस झाला, विरघळणारं ते वाहून गेलं आणि लोह-ॲल्युमिनियमचं तांबडं कवच मागे राहिलं, तो हा जांभा. कोकणातल्या वाचकाला तो वेगळा सांगायला नको. बिदरचा किल्लाही याच दगडाच्या पठारावर उभा आहे. अनंतगिरीच्याच विकाराबाद जिल्ह्यात, तांडूरच्या बाजूला, काळ्या कातळाहून कितीतरी जुना चुनखडक आहे. आपल्या घराघरांत पायांखाली असलेल्या शहाबादी फरशीचं हे भावंड. ग्रॅनाइट, फरशीचा दगड, काळा कातळ आणि जांभा एवढं सगळं एका दिवसात पाहायला मिळेल अशा जागा फार नाहीत.

टेकडीवर रस्ता जातो, त्यामुळे बहुतेक लोक अनंतपद्मनाभस्वामींच्या देवळापर्यंत गाडीने येतात, दर्शन घेतात, चहा पितात आणि परततात. देऊळ जुनं आहे, परिसराला त्याचंच नाव. मार्कंडेय ऋषींनी इथे तप केलं अशी श्रद्धा आहे. पण खरं अनंतगिरी देवळाच्या मागे, उतरणीला लागल्यावर सुरू होतं. पायवाट साग, पळस, मोह, सीताफळ यांच्या झाडीतून खाली जाते आणि पावसाळ्यात लहान-लहान ओहोळ ओलांडते. ही वाट दमवणारी नाही. सह्याद्रीत घाम गाळलेल्यांना ती फिरणंच वाटेल आणि आठ-दहा वर्षांची मुलंही सहज येतील. डोळे मात्र खाली ठेवावेत. पायाखाली कुठे तांबडी जांभ्याची खडी, कुठे काळ्या दगडाचे चपटे पापुद्रे. माथ्यावरून पाहायचं तर घाटरस्त्याची वळणं आणि पर्यटन महामंडळाच्या हरिता निवासाची बाजू चांगली. तिथे पठाराची कड एकदम उघडी पडते. समोरच्या टेकड्यांचे माथे जवळपास एकाच उंचीवर कापल्यासारखे दिसतात. हे सगळं कधीकाळी एकसंध पठार होतं आणि पाण्याने ते चिरत नेलं, हे त्या दृश्यातच लिहिलेलं आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात दऱ्यांतून धुकं वर येतं. मला स्वतःला मात्र ऑक्टोबरअखेरची स्वच्छ सकाळ अधिक आवडते, कारण तेव्हा जमिनीची ठेवण नीट वाचता येते.

या टेकडीवर क्षयरोग्यांसाठीचं सरकारी रुग्णालय कित्येक दशकं आहे. क्षयावर गुणकारी औषधं नव्हती तेव्हा कोरडी, मोकळी हवा हाच मोठा उपचार होता, आणि ती हवा इथे होती.

आणखी एक गोष्ट इथे यायच्या आधी माहीत असावी. लाव्ह्याचे लोट सलग आले नाहीत. दोन लोटांमध्ये मोठा खंड पडे, तेवढ्यात तळी साचत, झाडं-प्राणी वाढत, आणि पुढचा लोट त्यांना गाडून टाकी. विकाराबादजवळच्या नस्कल गावापाशी अशाच एका गाळथरात जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी या जीवाश्म-अभ्यासकांना चिचुंद्रीएवढ्या सस्तन प्राण्याचे दात सापडले. 1988 साली ‘नेचर’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. क्रिटेशस, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या कालखंडातला, भारतात सापडलेला हा पहिला सस्तन प्राणी. त्याचं नाव ठेवलं ‘डेक्कनोलेस्टेस हिस्लोपी’. यातला हिस्लॉप म्हणजे आपल्या नागपूरचा स्टीफन हिस्लॉप. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर धर्मप्रचारासाठी आलेल्या या स्कॉटिश माणसाने नागपूरच्या आसपास अशाच गाळथरांतले जीवाश्म गोळा केले, अभ्यासले, आणि 1863 मध्ये नदीत बुडून त्याचा मृत्यू झाला. हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं.

अनंतगिरीचं सर्वांत मोठं देणं आहे पाणी. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी त्यात मुरतं, खालच्या घट्ट थरावर अडतं आणि टेकडीच्या कुशीतून झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतं. मुसी नदी याच टेकड्यांत उगम पावते, हैदराबाद शहराच्या मधून जाते आणि सुमारे 240 किलोमीटरचा प्रवास करून नलगोंडा जिल्ह्यात वाडपल्लीला कृष्णेला मिळते. 28 सप्टेंबर 1908 रोजी या नदीला आलेल्या महापुराने हजारोंचे बळी घेतले. आज उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात असलेल्या चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे लोक वाचले, असं सांगतात. त्यानंतर विश्वेश्वरय्यांना पाचारण करण्यात आलं. त्यांच्या योजनेतून मुसीवर उस्मानसागर आणि ईसी नदीवर हिमायतसागर हे तलाव 1920 च्या दशकात उभे राहिले. पुराला आळा बसला आणि शहराला प्यायला पाणी मिळालं. चारमिनारजवळच्या पुलावरून काळं, फेसाळ पाणी पाहून नाक दाबणाऱ्याने हाच प्रवाह इथे, सागाच्या पानांखालून निघताना पाहायला हवा. शहर नदीचं काय करतं, हे त्याशिवाय पुरतं कळत नाही.

या उगमक्षेत्रावर आता दोन्हीकडून ताण आहे. तलावांच्या भोवती दहा किलोमीटरच्या पट्ट्यात बांधकामांवर 1996 च्या 111 क्रमांकाच्या शासन आदेशाने निर्बंध होते, 2022 मध्ये ते सैल करण्यात आले. अनंतगिरीच्या शेजारच्या दामगुंडम राखीव वनात नौदलाचं पाणबुड्यांशी संपर्क साधणारं रेडिओ केंद्र होत आहे. सुमारे 2900 एकर वनजमिनीवरच्या या केंद्राची पायाभरणी 15 ऑक्टोबर 2024 रोजी झाली. असं हे देशातलं दुसरंच केंद्र, तेव्हा त्याची गरज समजण्यासारखी आहे. पण मुसीच्या माथ्यावरचं रान गेलं तर झऱ्यांचं काय, हा गावकऱ्यांचा आणि पर्यावरण कार्यकर्त्यांचा प्रश्नही तेवढाच खरा आहे. राखलेलं प्रत्येक झाड इथे शहराच्या पाण्याशी जोडलेलं आहे, आणि वनाच्या उरलेल्या भागाची हमी लेखी व जाहीर असायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

जायचं असेल तर रेल्वेने जा. सिकंदराबाद, बेगमपेठ किंवा लिंगमपल्लीहून निघालेली गाडी दीड-दोन तासांत विकाराबादला पोहोचवते, पुढे रिक्षा मिळते. शनिवार-रविवारी घाटात मोटारींची रांग लागते आणि झाडीत गाण्यांचे भोंगे वाजतात, म्हणून आठवड्यातला मधला दिवस निवडा. माकडं धीट आहेत, खाण्याची पिशवी हातात मोकळी ठेवू नका. पावसाळ्यात जांभ्यावरचं शेवाळ घसरतं, तेव्हा पकड असलेले बूट हवेत. देवळामागच्या वाटेवर उतरताना वनरक्षक भेटले तर पुढची वाट त्यांना विचारून घ्या, आणि शहरात परतल्यावर घरातल्या मुलांना नळाचं पाणी कुठल्या टेकडीवरून येत होतं ते सांगा.