शाईचे मोल

नामपूरच्या बाजारात मंदीच्या दिवसांत क्विंटलभर उन्हाळ कांद्याचा जो भाव शेतकऱ्याच्या पदरात पडतो, त्याहून अधिक रक्कम केवळ 50 मिलिलिटर शाईच्या एका बाटलीसाठी मोजणारी माणसे आज पुण्या-मुंबईत आणि आपल्या नाशकातही आहेत, हे ऐकून मोसम खोऱ्यातील एखाद्या कष्टाळू गृहस्थाच्या कपाळाला आठ्या पडल्या, तर त्याला दोष देता येणार नाही. ‘पायलट’ या जपानी कंपनीने 2007 साली बाजारात आणलेली ‘इरोशिझुकू’ शाई आपल्याकडे साधारण दीड-दोन हजारांच्या घरात पडते. जर्मनीची ‘मोंब्लां’ आणि स्वित्झर्लंडची ‘कारान दाश’ यांच्या बाटल्याही त्याच पंक्तीत किंवा तिच्या वर बसणाऱ्या. उलट कॅमलची 60 मिलिलिटरची बाटली आजही पन्नास रुपयांच्या आत मिळू शकते. दोन्हींचे काम एकच, कागदावर अक्षर उमटविणे. मग एवढे अंतर कशाचे, आणि ते देण्याजोगे आहे काय, या प्रश्नाचा विचार गांभीर्याने व्हावा असे मला वाटते. कारण शाई ही माझ्या लेखी चैनीची वस्तू नसून ज्या थोड्या पदार्थांवर मनुष्याच्या स्मरणाची भिस्त राहिली आहे, त्यांपैकी एक आहे.

प्रथम द्रव्याचा हिशेब. फाउंटन पेनच्या शाईत बहुतांश पाणी असते. त्यात विरघळलेला कृत्रिम रंग, नीब वाळू नये म्हणून ग्लिसरीनसारखा ओलावा धरणारा एखादा पदार्थ, शाई निबेतून सुरळीत उतरावी म्हणून पाण्याचा ताण कमी करणारे द्रव्य, आणि बुरशी धरू नये म्हणून अत्यल्प जंतुनाशक, एवढाच तिचा सारा संसार. विल्यम पर्किन या तरुण इंग्रज रसायनज्ञाने 1856 साली डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यातून जांभळा रंग सिद्ध केल्यापासून हे रंग कारखान्यात मणामणाने तयार होऊ लागले, आणि एका बाटलीस त्यांतला जो अंश लागतो त्याची किंमत कोणत्याही देशात फार होऊ शकत नाही. तेव्हा दोन हजारांतले बहुतेक पैसे द्रवासाठी जात नाहीत, हे ग्राहकाने नि:शंकपणे ध्यानात घ्यावे.

ते जातात अन्यत्र. काही त्या जाड, जड काचेला जातात: इरोशिझुकूच्या बाटलीच्या तळाशी मधोमध एक खोलगा असतो, त्यामुळे उरलेली शाई तिथे गोळा होऊन शेवटच्या थेंबापर्यंत निबेला पोहोचते, कारान दाशची षट्कोनी बाटली तिरप्या तळावर कललेली असते, तीही त्याच सोयीसाठी. काही जहाजभाड्याला, जकातीला, करांना आणि विक्रेत्यांच्या दस्तुरीला जातात. काही नावाला जातात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पॅरिसचे ‘एर्बां’ आपला वंश 1670 पासून सांगते, लिव्हरपूलचे ‘डायमिन’ 1864 पासून, आणि जुनेपणाची किंमत ग्राहक आपण होऊन देतो. परंतु एक वाटा उरतो तो खऱ्या कारागिरीचा आहे. चार रंगांची शाई अमाप प्रमाणात करणे एक, आणि शेकडो छटांपैकी प्रत्येकीचे लहान लहान घाणे काढून दर वेळी तोच रंग, तोच ओघ आणि वाळण्याचा तोच वेळ साधणे दुसरे.

ही कारागिरी पाहावयाची तर जाड निबेने, गुळगुळीत कागदावर एकच लांब रेघ ओढावी आणि ती वाळेपर्यंत तिच्याकडे लक्षपूर्वक पाहावे. रेघेच्या आरंभी, जिथे हात क्षणभर हलका होता, तिथे रंग फिका राहतो. जिथे नीब थांबली, वळली, तिथे शाईचे तळे साचून तो गडद होतो. आणि एकाच अक्षरात निळ्याच्या तीन-चार पायऱ्या दिसू लागतात. काही शायांत रंगाचे प्रमाण इतके दाट असते की पाणी उडाल्यावर तो कागदाच्या पृष्ठभागावरच स्फटिकरूपाने बसतो आणि कागद तिरका धरला की निळ्या अक्षरांच्या कडांवर मोराच्या पिसासारखी तांबूस झळाळी उमटते. एर्बांने 2015 साली काढलेल्या ‘एमराल्ड ऑफ शिवोर’ या हिरव्या शाईत तर अशा तांबड्या झळाळीबरोबर सोनेरी कणही तरंगतात. बाटली हलविल्यावाचून ती भरू नये, आणि पेन वरचेवर धुतल्यावाचून वापरू नये. मात्र हे सारे वैभव कागदावर अवलंबून आहे. शाळेच्या स्वस्त वहीत हीच शाई तंतूतंतूने फुटते, पाठीमागे उमटते, आणि दोन हजारांची शाई तीस रुपयांच्या शाईसारखीच दिसते. तेव्हा महाग शाईच्या किमतीत चांगल्या कागदाचीही किंमत मिळवावी.

रोजच्या खर्चाच्या दृष्टीने पाहिले तर आकडे तितके भयंकर नाहीत. पेनात एका वेळी साधारण एक मिलिलिटर शाई मावते, म्हणजे एका बाटलीच्या पन्नासेक भरण्या होतात. एका भरणीला चाळीस रुपये, आणि तेवढ्या शाईत पंधरावीस पाने सहज लिहून होतात. बेताने लिहिणाऱ्या माणसाला ती बाटली दोन-तीन वर्षे पुरावी. चहाच्या टपरीवर जाणारे पैसे कोणी मोजीत नाही, शाईचे मात्र मोजले जातात, हा मला थोडा अन्याय वाटतो.

आपल्याकडे शाईचा विचार पूर्वी केवळ सौंदर्याच्या अंगाने झाला नाही, तो टिकाऊपणाच्या अंगाने झाला. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात समर्थांनी लेखनक्रियेसाठी स्वतंत्र समास खर्ची घातला आणि बोरू, कागद, रंग यांची निगुतीने निवड करावयास सांगितले, ते पोथी पिढ्यान्‌पिढ्या राहावी म्हणून. तेलाच्या दिव्याचे काजळ बाभळीच्या डिंकात खलून केलेली काळी शाई हे त्या काळचे मुख्य लेखनद्रव्य. काजळ म्हणजे शुद्ध कार्बन, त्यावर ऊन, हवा किंवा काळ यांचा सहसा परिणाम होत नाही, आणि म्हणूनच पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमाल सोडले की अडीचशे वर्षांपूर्वीच्या फडावरील कारकुनाचे मोडी अक्षर आजही ठसठशीत दिसते. आमच्या बागलाणात शाईच्या या बाजूचे महत्त्व निराळे सांगावे लागू नये. 1870 च्या सुमारास दुष्काळात सटाण्याचे मामलेदार यशवंतराव भोसेकर यांनी सरकारी खजिना भुकेल्या रयतेला वाटून टाकला आणि लोकांनी त्यांना देवमामलेदार म्हटले. त्यांची यात्रा सटाण्यात अजून भरते. खजिन्याची वही आणि रयतेचे पोट यांच्यातला तो प्रसंग या मुलखाच्या स्मरणात खोल रुतला आहे. हस्तलिखित सातबारा, फेरफाराची नोंद, आडत्याची खतावणी, सावकाराचे खत, यांतले अक्षर पुसले की माणसाची जमीन जाई, इतके शाईचे टिकणे महत्त्वाचे होते.

टिकाऊ शाईचा दुसरा प्रकार लोहाचा. युरोपात माजूफळातील तुरट द्रव्य आणि हिराकस एकत्र करून ती करीत. आपल्याकडे हिरडा होता. आणि ज्या फळाने नामपूर-सटाण्याच्या बागा ओळखल्या जातात, त्या डाळिंबाच्या सालीतही हेच तुरट द्रव्य मुबलक आहे, याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. तेल्या रोगाचे डाग पडून बाजारातून परत आलेल्या डाळिंबांची साल वाळवून, रात्रभर भिजत घालून, दुसऱ्या दिवशी मंद आचेवर आटवावी. पिवळट तपकिरी काढा फडक्यातून गाळून घ्यावा. आणि निराळ्या भांड्यात हिराकसाचे हिरवट खडे विरघळवून त्या पाण्याचे थेंब काढ्यात सोडावेत. थेंब पडताच त्याच्याभोवती काळे वलय पसरते आणि ढवळले की सारा काढा काळवंडतो. टाकाने ओढलेली रेघ आधी करडी दिसते, आणि जसजशी हवा लागते तसतशी काळी होत जाते, कारण लोहाचे संयुग हवेतील प्राणवायूने बदलून कागदाच्या तंतूंतच घट्ट बसते. मात्र ही शाई फाउंटन पेनात कदापि भरू नये. तिचा गाळ निबेखालची जीभ बुजवितो आणि तिचे आम्ल पोलादी निबेला खाते.

मराठी माणसाने शाईचा धंदा केला नाही असे मुळीच नाही. 1931 साली, मिठाच्या सत्याग्रहाने स्वदेशीचे वारे नुकतेच जोरात वाहू लागले असता, मुंबईच्या गिरगावात दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांचे बंधू गोविंद यांनी ‘हॉर्स ब्रँड’ शाईच्या पुड्या व गोळ्या करण्यास आरंभ केला. त्याच वर्षी अमेरिकेत पार्कर कंपनीने लवकर वाळणारी ‘क्विंक’ बाजारात आणली होती. एकीकडे मोठे भांडवल आणि प्रयोगशाळा, दुसरीकडे गिरगावातील घरगुती उद्योग. परंतु पुडी पाण्यात कालवली की शाई तयार होई, काच फुटण्याचे भय नसे आणि भाडे पाण्यावर वाया जात नसे, यात दांडेकरांचे व्यवहारचातुर्य दिसते. लोकल बोर्डाच्या शाळांत बाकाच्या भोकात बसविलेल्या दौती जिथे रोज भरावयाच्या, तिथे अशी पुडी वरदानच. पुढे फाउंटन पेनसाठी ‘कॅमल’ शाई आली, आणि ‘कॅमल’ व ‘इंक’ यांच्या मिलाफातून ‘कॅम्लिन’ हे नाव रूढ झाले. महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांची बोटे त्या निळ्या रंगाने रंगली. गरिबाच्या मुलाला चांगली शाई मिळाली पाहिजे, हा या उद्योगाचा पुरुषार्थ मला कोणत्याही सोनेरी शाईपेक्षा मोठा वाटतो. 2011 साली जपानमधील ओसाकाच्या ‘कोकुयो’ने कॅम्लिनमधील बहुमताचा हिस्सा विकत घेतला.

जपानचे नाव निघाले म्हणून कोबे शहराची हकिकत सांगतो, कारण तीत मला आपल्यासाठी मार्ग दिसतो. 1995 च्या भूकंपाने ते बंदर उद्ध्वस्त झाले. शहर पुन्हा उभे राहिल्यावर तेथील ‘नागासावा’ या लेखनसाहित्याच्या दुकानाने, मदत करणाऱ्यांविषयीची कृतज्ञता म्हणून, 2007 साली शहरातील स्थळांच्या रंगांची शाई काढली: रोक्को डोंगराचा हिरवा, बंदराच्या धक्क्याचा निळा, जुन्या परकीय वसाहतीचा तपकिरी. शाई ‘सेलर’ कंपनीने केली, कल्पना दुकानाची. आज त्या मालिकेत कितीतरी रंग आहेत, आणि ग्राहक तिच्यासाठी अधिक पैसे आनंदाने देतो, कारण त्या बाटलीत त्याला एक गाव मिळते.

बंगालमध्ये स्वदेशीच्या काळातील ‘सुलेखा’ बंद पडून पुन्हा उभी राहिली. केरळातून ‘कृष्णा’ नावाच्या शाया देशभर जातात. महाराष्ट्राजवळ रसायनाचे पदवीधर, पेनांचे दर्दी आणि नव्वद वर्षांचा अनुभव आहे. नाही ते फक्त आपल्या मुलखाच्या रंगांकडे पाहण्याचे मन. डाळिंबाच्या फुलाचा केशरी तांबडा, पहिल्या पुरातील मोसमचा गढूळ तपकिरी, पावसाळी ढगाखालच्या साल्हेरचा करडा निळा, हे रंग कृत्रिम द्रव्यांतून साधणे कोणाही कुशल रसायनज्ञास अशक्य नाही. ज्यांची ऐपत आहे त्यांनी परदेशी बाटली अवश्य घ्यावी, चांगल्या कागदावर तिच्याने पत्रे लिहावीत, त्यात पैसा फुकट जात नाही. परंतु शाई करणाऱ्या मराठी कारखानदारांना माझी विनंती आहे, की त्यांनी वर्षाला निदान एक रंग असा काढावा, लहान घाण्यात, साध्या पण सुबक काचेत, दोन-तीनशे रुपयांच्या आत. आणि पहिला रंग डाळिंबाच्या फुलाचा असावा.